प्रत्येक गावात वेगळंच 'फायनल': दूध केंद्रांच्या सॉफ्टवेअरला गिटमध्ये टॅग कसे लावावेत?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही तिघं मिळून एक सॉफ्टवेअर सांभाळतो. वजनकाटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टला जोडलेलं असतं. शेतकऱ्याचा नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर लागतो आणि पावती निघते. पावती कुठं कन्नडमध्ये, कुठं मराठीत, कुठं दोन्हीत. दर दहा दिवसांनी बिल. बहुतेक केंद्रांत नेट नाही, जांबोटीच्या पुढं तर फोनलाच रेंज नाही, त्यामुळं नवीन व्हर्जन पेनड्राइव्हवरून घालायला गाडीवरून जावं लागतं.

कोड गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) आहे. आधी जो मुलगा हे काम बघायचा तो आता बेंगळूरला गेला. त्यानं लावलेले टॅग (कोडच्या ठरावीक अवस्थेला दिलेली नावं) असे आहेत: फायनल, फायनल_नवा, नंदगड, नंदगड_खरा, जांबोटी_मे, बिडी_दरबदल. 'फायनल' हा टॅग तो दर वेळी उचलून नवीन कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर) ठेवायचा, असं दिसतं. आता माझ्या लॅपटॉपवरचा 'फायनल' आणि जोडीदाराच्या लॅपटॉपवरचा 'फायनल' वेगवेगळ्या कमिटवर आहेत. पुल करताना (सर्व्हरवरचे बदल ओढताना) 'वुड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग' (असलेला टॅग पुसला जाईल) म्हणून लाल अक्षरांत ओरडतं.

मुद्दा का निघाला तर एका केंद्रावर गायीच्या दुधाला एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं की दर एक पायरी जास्तच कापला जायलाय. त्या गावाच्या टॅगवर जाऊन बघितलं तर त्या कोडमध्ये हा बगच नाही. म्हणजे तिथं घातलंय ते दुसरंच काहीतरी.

माझा विचार असा की आता शिस्तीत प्रत्येक गावाच्या नावानं टॅग करावेत, 'नंदगड/२.३', 'बिडी/२.३' असे. पण पहिलाच टॅग करायला गेलो तर 'कॅनॉट लॉक रेफ' (ह्या नावाची नोंद करता येत नाही) येतंय. बिडीचा झाला, नंदगडचा होत नाही. हे का, आणि ही पद्धत बरोबर आहे का?

तवंदीघाट

नंदगडचं कारण सोपं आहे. टॅग म्हणजे शेवटी डॉट-गिटच्या आत रेफ्स/टॅग्स फोल्डरमधली एक फाइल. 'नंदगड' नावाचा टॅग आधीच आहे, म्हणजे त्या नावाची फाइल आहे. आता तुला 'नंदगड/२.३' पाहिजे, म्हणजे नंदगड नावाचं फोल्डर पाहिजे. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एका जागी राहत नाहीत. जुना 'नंदगड' उडव, नवा होईल.

पद्धत म्हणशील तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाची ब्रँच (कोडची वेगळी शाखा) ठेवतो. निपाणीत तंबाखू वखारीचं सॉफ्टवेअर करतो मी, चार वखारींच्या चार ब्रँच. टॅगच्या भानगडीत पडलोच नाही.

उद्यमबागचा काका

मोबाइलवरून मराठी कीबोर्डनं लिहायलोय, कमांडा टर्मिनलवर रोमनमध्ये टाक.

गावाच्या नावानं टॅग करू नकोस. नाव कसं लिहायचं हा नंतरचा प्रश्न. आधी हे बघ, की टॅगनं काय सांगायचं.

मी उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांची कामं करतो. वजनकाटा, हीट रजिस्टर, डिस्पॅच असली. कास्टिंगवर हीट नंबर असतो. तो नंबर एवढंच सांगतो की हा माल कुठल्या वितळीतला आहे. त्यावरून त्या दिवसाची केमिस्ट्री काढता येते, पोरोसिटी (आत बारीक छिद्रं) निघाली तर त्या हीटचा बाकीचा माल बाजूला काढता येतो. माल पुण्याला गेला की कोइमतूरला, हे कास्टिंगवर कोणी कोरत नाही, ते डिस्पॅच रजिस्टरात असतं. एका हीटचा माल पाच गिऱ्हाइकांना जातो आणि एका गिऱ्हाइकाकडं पाच हीटचा माल असतो. टॅगचं तसंच. 'व्ही२.३.०' म्हणजे अमुक कोड, बस्स. तो नंदगडला घातला का बिडीला, ही वेगळी नोंद. कोड बदलत नाही, म्हणून टॅग हलत नाही. केंद्रावरचं व्हर्जन बदलतं, म्हणून ते वहीत लिहायचं. हे दोन एकत्र केलं की तुझ्या आधीच्या पोरानं केलं तेच होतं. गावात नवीन घातलं की टॅग उचलायचा, आणि उचलायला विसरलं की टॅग खोटा. तुझ्या केंद्रावर बहुतेक हेच झालंय.

आता तो लाल अक्षरांचा प्रकार. टॅग हे सगळ्यांचं सारखं असावं असं गिट धरून चालतं. ब्रँचला सर्व्हरवरच्यासाठी 'ओरिजिन/मेन' आणि आपल्यासाठी 'मेन' असे दोन वेगळे रेफ (नावं) असतात, टॅगला तसं काही नाही, जागा एकच. त्यामुळं सर्व्हरवरचा 'फायनल' आणि तुझा 'फायनल' भांडले तर एकालाच जागा. पूर्वी 'फेच' (सर्व्हरवरचं आणणं) टॅगसकट केलं की जुना टॅग गुपचूप बदलून जायचा. डिसेंबर २०१८ मध्ये गिट २.२० आलं तेव्हापासून 'फोर्स' सांगितल्याशिवाय गिट हात लावत नाही. ते ओरडतंय ते तुझ्या भल्यासाठीच. शिवाय व्हीएस कोड हा एडिटर पुल करताना टॅगही ओढतो, म्हणून तू टॅगचं नाव काढलं नसलं तरी हे दिसतं.

आता पुढं काय करायचं ते. टॅग दोन प्रकारचे असतात. नुसतं 'गिट टॅग फायनल' म्हटलं की हलका टॅग होतो, म्हणजे कमिटला चिकटवलेली चिठ्ठी. कोणी लावली, कधी लावली, काही कळत नाही. '-ए' लावलं की पूर्ण टॅग होतो. त्याचं स्वतःचं ऑब्जेक्ट गिटच्या साठ्यात तयार होतं आणि त्यात टॅग लावणाऱ्याचं नाव, तारीख, मजकूर असतो, हवी तर सहीसुद्धा. रिलीजला कायम हाच:

गिट टॅग -ए व्ही२.४.० -एम "एसएनएफ ८.५ खालची दरकपात दुरुस्त, कन्नड पावतीत बेरीज"

मजकुरात आळस करू नकोस. 'गिट शो व्ही२.४.०' केलं की तो वर दिसतो, आणि 'गिट टॅग -एन' केलं की सगळ्या टॅगांच्या पुढं पहिली ओळ येते. दोन वर्षांनी तुला हेच वाचायचंय.

नुसत्या पुशनं (बदल सर्व्हरवर पाठवल्यानं) टॅग जात नाही. 'गिट पुश ओरिजिन व्ही२.४.०' असं नाव घेऊन पाठव, किंवा 'गिट पुश --फॉलो-टॅग्स'. ह्यात फक्त पूर्ण टॅग जातात, आणि तेही पाठवलेल्या कमिटांशी जोडलेलेच. 'गिट पुश --टॅग्स' मात्र टाळ. ते लॅपटॉपवरचा सगळा कचरा वर नेतं.

आणि दादा, निपाणीच्या चार ब्रँच आज बऱ्या वाटतात. वखारी वाढल्या की एक दुरुस्ती तितक्या ब्रँचमध्ये मर्ज करत (मिसळत) बसावं लागेल, तेव्हा बोलू.

तवंदीघाट

काका, बोललात ते पटलं, पण रजिस्टर लिहायला कोण बसणार ओ? टॅगचं नाव वाचलं की गाव कळतं ही सोय आहे की. आणि टॅग हलवणं म्हणजे पाप असल्यासारखं का बोलायलाय? गिटहब अॅक्शन्समध्ये (गिटहबवरची कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) 'व्ही४' सारखा टॅग दर नवीन व्हर्जनला पुढं सरकवतातच. जग चाललंय की तसं.

दुसरं एक, मराठीत टॅगचं नाव चालतं का? चालत असेल तर मी आजच 'गणेशचतुर्थी' लावतो.

गोवावेस

मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं रिलीजचं काम बघते, म्हणून मध्ये बोलते.

अॅक्शन्समध्ये मोठ्या आकड्याचा टॅग सरकवतात हे खरंच. पण त्याच सवयीचा फायदा मार्च २०२५ मध्ये घेतला गेला. 'टीजे-अॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' ह्या अॅक्शनचे जुने टॅग कोणीतरी एका घातक कमिटवर नेऊन ठेवले. लोकांच्या फाइलीत टॅगचं नाव तेच होतं, आत कोड बदललेला. बिल्डच्या (कोडवरून प्रोग्रॅम बनवण्याच्या) लॉगमध्ये पासवर्ड आणि टोकन बाहेर आली. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅश (कमिटचा न बदलणारा ओळखक्रमांक) लिहिला होता ते वाचले. गिटच्या स्वतःच्या माहितीपानावरसुद्धा टॅग पुन्हा लावण्याबद्दल वेगळा परिच्छेद आहे. एकदा बाहेर गेलेला टॅग बदलू नका, चुकला तर चुकला म्हणा आणि पुढचा नंबर घ्या, असंच त्यात सांगितलंय.

मलप्रभाकाठ, तुमच्या सर्व्हरवर ही सोय असेल तर लावून टाका. गिटलॅबमध्ये 'प्रोटेक्टेड टॅग' आहे, 'व्ही*' असं एकदा लिहिलं की ठरलेल्या माणसाशिवाय कोणाला त्या नावाचा टॅग करता येत नाही, हलवता येत नाही. गिटहबवर रूलसेटमधून होतं. तीन माणसांतसुद्धा उपयोगी पडतं, भांडण वाचतं.

मराठी टॅग चालतो. नावात मोकळी जागा चालत नाही, लागोपाठ दोन टिंबं, कोलन, तारका, प्रश्नचिन्ह चालत नाही, बाकी देवनागरी बिनधास्त. पण मी लावणार नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा 'र' एका कीबोर्डवर 'ऱ' ह्या स्वतंत्र अक्षरानं येतो, दुसऱ्या कीबोर्डवर साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असा येतो. दिसायला दोन्ही एकच, गिटला ते दोन वेगळे टॅग. तुम्ही टाइप करता आणि 'असा टॅग नाही' म्हणून येतं, स्क्रीनवर तर समोर दिसतोय. डोकं फुटेल.

मलप्रभाकाठ

काका, ताई, धन्यवाद. टॅगमध्ये गाव नको हे पटलं. आता दोन गोष्टी सांगा. आधीच्या कचऱ्याचं काय करू? काल 'फायनल' सर्व्हरवरून उडवला, सकाळी बघतोय तर परत हजर. आणि मुख्य म्हणजे, आज प्रत्येक केंद्रावर काय घातलंय हे ओळखायचं कसं? टॅग आता नीट लावले तरी तिथं बसलेलं जुनंच आहे.

उद्यमबागचा काका

परत आला कारण तुझ्या जोडीदाराच्या लॅपटॉपवर तो शिल्लक होता आणि त्यानं '--टॅग्स' लावून पुश केलं. म्हणूनच म्हटलं, ते टाळ. उडवायचं तिघांनी एकाच दिवशी. सर्व्हरवर 'गिट पुश ओरिजिन --डिलीट फायनल', प्रत्येकाच्या लॅपटॉपवर 'गिट टॅग -डी फायनल'. 'फेच'ला '--प्रून --प्रून-टॅग्स' लावूनही लॅपटॉप साफ होतो, पण थांब. त्यानं सर्व्हरवर नसलेले सगळे टॅग जातात, तू केलेला पण अजून न पाठवलेला नवा टॅगसुद्धा. आधी पाठव, मग झाड.

पण उडवण्याआधी जुन्या टॅगांना नीट नंबर दे. ज्या कमिटवर 'नंदगड_खरा' आहे ते कधीतरी खरंच कुठंतरी गेलंय, म्हणजे ती रिलीजच झाली. जुन्या कमिटवर आजही टॅग लावता येतो, शेवटी कमिटचा हॅश दिला की झालं. ह्याला १.०, त्याला १.१ असं कर. तारीख आजची पडते. जुनीच पाहिजे असेल तर टॅग करताना 'गिट_कमिटर_डेट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्यायचं. मी असल्यात वेळ घालवत नाही, मजकुरात 'पूर्वीचा नंदगड_खरा' एवढं लिहितो.

नंबर देताना सेमव्हर नावाची व्हर्जन नंबरांची तीन आकड्यांची पद्धत घे, पण अर्थ तुमच्या धंद्याचा लाव. डेटाबेस बदलला, जुना बॅकअप नव्यात चढत नाही, तर पहिला आकडा. नवीन सोय, नवीन फॅट मशीन, तर मधला. दुरुस्ती तर शेवटचा. आणि एक, २.१० झालं की साध्या यादीत ते २.९ च्या वर जाऊन बसतं, कारण गिट अक्षरं बघतं. 'गिट टॅग --सॉर्ट=-व्ही:रेफनेम' म्हटलं की खरा क्रम येतो, नवं वर.

आता केंद्रावर काय आहे ते. ह्याला मी एकच उपाय मानतो, व्हर्जन पावतीवर छाप. बिल्ड होताना 'गिट डिस्क्राइब --डर्टी' चालव आणि जे येईल ते प्रोग्रॅममध्ये घाल. पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत. केंद्रचालकानं पावतीचा फोटो पाठवला की काम झालं. असं काहीतरी दिसेल:

व्ही२.३.०-७-जी४ए९सी१ई२

म्हणजे सगळ्यात जवळचा टॅग २.३.०, त्यानंतर ७ कमिट झाल्यात, आणि कमिटचा हॅश ४ए९सी१ई२. आधीचा 'जी' म्हणजे गिट, तो हॅशचा भाग नव्हे. बरोबर टॅगवरून बिल्ड केला असेल तर नुसतं 'व्ही२.३.०' येतं. माझ्याकडं नियम असा की नुसता टॅग छापला नसेल तर तो बिल्ड उद्यमबागेच्या बाहेर जात नाही.

तुझ्याकडं ही कमांड पहिल्यांदा 'नो अॅनोटेटेड टॅग्स' म्हणून अडेल, कारण जुने सगळे टॅग हलके असणार. डिस्क्राइब पूर्ण टॅगच बघतं. 'गिट कॅट-फाइल -टी फायनल' करून बघ, 'कमिट' आलं तर हलका, 'टॅग' आलं तर पूर्ण.

आता सगळीकडं जे जुनं बसलंय त्याला मात्र मार्ग नाही. एकदा फिरून प्रत्येक ठिकाणची प्रोग्रॅम फाइल कॉपी करून आणायची आणि जुन्या टॅगांवरून केलेल्या बिल्डशी ताडून बघायची. पावसाच्या आधी उरक, नंतर जांबोटीकडं गाडीवरून जाणं म्हणजे शिक्षा.

गोवावेस

रजिस्टरबद्दल एक. ते कोडच्याच रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) ठेवू नका. प्रत्येक इन्स्टॉलला एक कमिट पडेल आणि डिस्क्राइबमधला मधला आकडा उगीच वाढत जाईल. वेगळी साधी शीट पुरे: केंद्र, व्हर्जन, तारीख, कोणी घातलं, फॅट मशीन कुठलं, पावतीची भाषा. भाषा आणि मशीन तर कोडच्या बाहेर कॉन्फिग फाइलमध्येच हवं, म्हणजे केंद्रागणिक बिल्ड वेगळा लागणार नाही.

ह्याचा खरा उपयोग बग सापडल्यावर होतो. ज्या कमिटमध्ये एसएनएफची चूक शिरली तो हॅश घ्या आणि 'गिट टॅग --कंटेन्स' पुढं द्या. ती चूक ज्या ज्या व्हर्जनात आहे त्यांची यादी येते. दुरुस्तीच्या कमिटवर तेच करा, ती कुठून पुढं सुटली ते कळतं. पहिल्या यादीतून दुसरी वजा केली आणि शीटमध्ये ती व्हर्जन शोधली की कुठल्या कुठल्या गावाला जायचं ते समोर येतं. तवंदीघाट, हे ब्रँचवर करून दाखवा.

तवंदीघाट

ताई, शरण. चार वखारींची शीट करायला घेतो.

मलप्रभाकाठ

काका, तीन केंद्रांवर नवीन बिल्ड घातला, पावतीवर व्हर्जन यायला लागलं. दोन ठिकाणी 'व्ही२.४.०' आहे. तिसऱ्याचा फोटो आत्ता आला, त्यावर 'व्ही२.४.०-डर्टी'. ह्याचा अर्थ?

उद्यमबागचा काका

अर्थ असा की टॅग २.४.० चाच आहे, पण बिल्ड केला त्या लॅपटॉपवर कोणीतरी फाइल बदलून कमिट न करता बिल्ड केलाय. तो कोड गिटमध्ये कुठंच नाही, फक्त त्या केंद्रावर आणि त्या लॅपटॉपवर आहे. कोण गेलं होतं तिथं?

मलप्रभाकाठ

जोडीदार. विचारलं. म्हणतो, केंद्रचालकाला पावतीवर 'धन्यवाद' कन्नडमध्ये पाहिजे होतं, तिथंच बसून बदललं, एक ओळ तर आहे.

उद्यमबागचा काका

एक ओळ असू दे की नाहीतर शंभर. त्याला सांग, लॅपटॉपवरचं ते तसंच आत्ता कमिट कर आणि २.४.१ लाव. मग टॅगवरून नव्यानं बिल्ड करून त्या केंद्रावर पुन्हा घाल. बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घालून टाक, डिस्क्राइबमध्ये 'डर्टी' आलं की बिल्ड थांबला पाहिजे. माणसाला सांगून उपयोग नाही, केंद्रावर चहा आला की सगळे तिथंच बदलतात.

टॅगवर चेकआउट करून (टॅगवरचा कोड उघडून) काम करायला जाऊ नका हेही सांग त्याला. तिथं 'डिटॅच्ड हेड' असतं, केलेला कमिट कुठल्याच ब्रँचला लागत नाही, दुसरीकडं गेलं की हरवल्यात जमा. जुन्या व्हर्जनवर दुरुस्ती करायची असेल तर 'गिट स्विच -सी दुरुस्ती-२.४ व्ही२.४.०', तिथं काम, मग नवा टॅग, मग तेच मेनमध्ये.

तवंदीघाट

आणि काका, ते व्हॉट्सअॅपवर 'सोर्स_नवीन_(३).झिप' पाठवतात त्याचं काय? मला परवाच एकानं मागितलं.

उद्यमबागचा काका

'गिट आर्काइव्ह --फॉरमॅट=झिप -ओ वखार-२.१.०.झिप व्ही२.१.०'. टॅगवर जे आहे तेवढंच त्यात जातं, तुझ्या फोल्डरमधलं इकडचं तिकडचं काही येत नाही. फाइलचं नाव टॅगवरून ठेव, आणि शीटमध्ये तो माणूसही लिही.

मलप्रभाकाठ

बिल्ड थांबवायचं स्क्रिप्टमध्ये घातलं. सर्व्हरवरच्या बिल्डला मात्र 'नो नेम्स फाउंड' (नाव सापडलं नाही) येतंय, लॅपटॉपवर ठीक चालतं.

गोवावेस

सर्व्हर वरवरचा क्लोन (कोडची प्रत) घेत असेल, एकाच कमिटचा. त्यात टॅगच येत नाहीत, मग डिस्क्राइब काय सांगणार? क्लोनची 'डेप्थ' मर्यादा काढून टाका, पूर्ण इतिहास आणि टॅग ओढा. गिटहब अॅक्शन्स असेल तर चेकआउटच्या पायरीत 'फेच-डेप्थ' शून्य करा.

मलप्रभाकाठ

शून्य केलं, आलं. उद्या बिडी आणि नंदगड.